ठिसूळ चिलखत

चिनी मातीची बशी हातातून निसटून खाली पडली, की तिचे तुकडे होतात. याच जातीच्या ठिसूळ पदार्थाची लादी छातीवर बाळगून सैनिक बंदुकीच्या गोळीला सामोरा जातो, असे कोणी सांगितले, तर आपला त्यावर विश्वास बसेल काय? परंतु ही गोष्ट अगदी खरी आहे.

पूर्वीचे योद्धे लोखंडी चिलखत घालीत. बंदुका आल्या आणि ते हळूहळू मागे पडले. कारण गोळी अडविण्याइतके जाड पोलाद अंगावर वागवून माणसाला धावता येत नाही, की डोंगर चढता येत नाही. चिलखत भक्कम हवे आणि हलकेही हवे, हाच खरा पेच होता.

तो सोडविण्यास सिरॅमिक पदार्थ उपयोगी पडले. कुंभाराच्या मडक्याप्रमाणे हे पदार्थही आकार देऊन व तापवून बनवितात. मात्र त्यांची भुकटी साध्या मातीची नसते. ॲल्युमिना, सिलिकॉन कार्बाइड व बोरॉन कार्बाइड हे त्यांतील प्रमुख होत. बोरॉन कार्बाइडची भुकटी २,००० अंश सेल्सियसहून अधिक उष्णतेत दाबून तिची लादी तयार करितात. काठिण्यात हिऱ्याच्या खालोखाल येणाऱ्या मोजक्या पदार्थांत त्याची गणना होते. आणि वजन? एक घन सेंटिमीटर पोलाद जवळजवळ ८ ग्रॅम भरते. तेवढेच बोरॉन कार्बाइड अवघे अडीच ग्रॅम!

आता रायफलची गोळी या लादीवर आदळली म्हणजे काय होते, ते पाहू. लादी गोळीहून कठीण असल्यामुळे गोळीचे टोक बोथट होते, झिजते व पुष्कळदा गोळीच फुटते. हा पदार्थ दाब उत्तम सोसतो, पण ताण त्याला सोसवत नाही. म्हणून त्याच क्षणी लादीलाही तडे जातात. ते आत शिरताना शंकूप्रमाणे रुंदावत जातात. त्यामुळे एका टोकावर एकवटलेला आघात मागील बाजूस मोठ्या जागेवर वाटला जातो. लादीच्या मागे चिवट तंतूंचा थर असतो. तो ताणला जाऊन गोळीचे व लादीचे तुकडे झेलतो. नुसत्या तंतूंचे जाकीट पिस्तुलाची गोळी अडविते. रायफलची अणकुचीदार गोळी मात्र त्यातून आरपार जाते. लादीने गोळी बोथट करावी आणि तंतूंनी तिचा उरलेला वेग जिरवावा, अशी ही कामाची वाटणी आहे.

व्हिएटनामच्या युद्धात, १९६५ नंतर, अमेरिकेच्या हेलिकॉप्टरचालकांना अशी चिलखते मिळू लागली. आपल्या देशात संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या कानपूर येथील प्रयोगशाळेने असे एक हलके चिलखत घडविले. २०२४ साली त्याची माहिती प्रसिद्ध झाली. पोलाद भेदण्यासाठी बनविलेल्या सहा गोळ्या त्याच्या पुढील भागाने चाचणीत अडविल्या.

तथापि या चिलखताचा ठिसूळपणा नाहीसा झालेला नाही. लादी एकदा फुटली, की त्या जागी पहिले बळ राहत नाही. ती नुसती दगडावर आपटली, तरी आत न दिसणारा तडा जाऊ शकतो. तो शोधण्यासाठी क्ष-किरणांचे साहाय्य घ्यावे लागते. म्हणून ज्या लादीवर प्राण विसंबलेले असतात, तिला सैनिकाने घरातील चिनी मातीच्या बशीप्रमाणेच जपावयाचे असते.