सीझेडएमक्यू

सीझेडएमक्यू ही झीरोएमक्यू या संदेशवहन प्रणालीवर उभारलेली, सी भाषेतील मुक्तस्रोत रॅपर लायब्ररी आहे. वापरण्यास अवघड असलेल्या लायब्ररीवर सोप्या फंक्शनांचे आवरण चढवले, की त्या आवरणाला रॅपर लायब्ररी म्हणतात. झीरोएमक्यूची मूळ लायब्ररी, म्हणजे लिबझेडएमक्यू, वेगवान व लवचीक आहे. मात्र तिच्याशी थेट व्यवहार करताना मेमरी मोकळी करणे, सॉकेट बंद करणे, त्रुटी तपासणे ही कामे प्रोग्रामरला पदोपदी स्वतः करावी लागतात. ती स्वतःकडे घेणे हा सीझेडएमक्यूचा मुख्य उद्देश होय. आवरणाने कोणती कामे उचलावीत आणि कोणते निर्णय प्रोग्रामरच्या हाती ठेवावेत, हे समजून घेण्यासाठी ही लायब्ररी चांगले उदाहरण ठरते.

पार्श्वभूमी

झीरोएमक्यूचा विकास २००७ साली आयमॅटिक्स या कंपनीत सुरू झाला. मार्टिन सुस्ट्रिक आणि पीटर हिंटजेन्स (१९६२–२०१६) हे त्यातील प्रमुख होत. या प्रणालीत दोन प्रोग्राम मध्यस्थ सर्व्हरशिवाय एकमेकांना संदेश पाठवू शकतात. विनंती–उत्तर, प्रकाशक–वर्गणीदार आणि कामांची वाटणी असे देवघेवीचे काही ठराविक प्रकार तिच्यात तयार मिळतात. लिबझेडएमक्यू सी++ भाषेत लिहिलेली आहे. परंतु ती बाहेरून सी भाषेतील फंक्शनांद्वारे वापरली जाते, त्यामुळे जवळजवळ कोणत्याही भाषेतून तिला हाक मारता येते.

हिंटजेन्स यांनी झीरोएमक्यूचे विस्तृत मार्गदर्शक पुस्तक लिहिले. त्यातील सी भाषेच्या उदाहरणांत तीच ती साहाय्यक फंक्शने वारंवार लागत असल्याने ती एका वेगळ्या फाइलमध्ये एकत्र करण्यात आली. या अनुभवातून मांडल्या गेलेल्या कल्पना पुढे सीझेडएमक्यूमध्ये उतरल्या.

मूळ इंटरफेसमधील अडचणी

लिबझेडएमक्यूमध्ये एक संदेश स्वीकारण्यासाठी आधी रिकामी संदेश-रचना तयार करावी लागते, नंतर तिच्यात मजकूर घ्यावा लागतो, त्याची लांबी व पत्ता वेगळा विचारावा लागतो आणि शेवटी ती रचना बंद करावी लागते. संदेशाचे अनेक भाग असतील, तर पुढचा भाग शिल्लक आहे का हे प्रत्येक भागानंतर तपासावे लागते.

मजकुराच्या बाबतीत नवख्यांची हमखास चूक होते. सी भाषेत मजकुराचा शेवट शून्य बाइटने दर्शवला जातो. झीरोएमक्यूच्या संदेशात मात्र लांबी स्वतंत्रपणे नोंदलेली असते आणि शेवटी शून्य असेलच असे नाही. असा संदेश सी भाषेतील मजकूर समजून थेट छापला, तर पुढच्या मेमरीतील निरर्थक अक्षरेही छापली जातात किंवा प्रोग्राम कोसळतो. चाचणीच्या वेळी योगायोगाने पुढचा बाइट शून्यच निघाला, तर ही चूक लपून राहते.

रचना

सीझेडएमक्यूमध्ये संबंधित फंक्शने वर्गांप्रमाणे गटांत मांडलेली आहेत. झेडसॉक हा सॉकेटसाठी, झेडफ्रेम संदेशाच्या एका भागासाठी, झेडएमएसजी संपूर्ण संदेशासाठी, तर झेडपोलर अनेक सॉकेटांवर एकाच वेळी लक्ष ठेवण्यासाठी आहे. एखादी वस्तू निर्माण करणारे आणि नष्ट करणारे फंक्शन प्रत्येक गटात एकाच धाटणीचे असते. त्यामुळे एक गट शिकला, की बाकीच्या गटांची नावेही अंदाजाने ओळखता येतात.

मेमरीची मालकी कोणाकडे, या प्रश्नाचे उत्तर फंक्शनाच्या रूपातच दिसते. संदेश पाठवणाऱ्या किंवा नष्ट करणाऱ्या फंक्शनाला पॉइंटर न देता पॉइंटरचा पत्ता द्यावा लागतो. काम यशस्वी झाल्यावर ते मूळ पॉइंटर रिकामा करते. यामुळे पाठवून झालेला संदेश चुकून पुन्हा वापरणे किंवा एकच मेमरी दोनदा मोकळी करणे या चुका बऱ्याच अंशी टळतात. मजकूर स्वीकारणारे फंक्शन शेवटी शून्य बाइट जोडूनच तो परत देते. मात्र तो मजकूर वापरून झाल्यावर मोकळा करण्याची जबाबदारी प्रोग्रामरचीच राहते.

झीरोएमक्यूची नेहमीची सॉकेटे एकाच वेळी अनेक थ्रेडांतून वापरता येत नाहीत. हा नियम मोडल्यास बिघाड कधी आणि कोठे दिसेल याचा नेम नसतो. यासाठी सीझेडएमक्यूमध्ये झेडअ‍ॅक्टर हा गट आहे. त्यात नवा थ्रेड सुरू होताच त्याच्या व मूळ थ्रेडच्या दरम्यान संदेशांची एक वाट तयार होते. सामाईक मेमरीला हात न लावता दोघे याच वाटेने बोलतात. थ्रेड थांबवायचा असेल, तेव्हा त्याला समाप्तीचा ठराविक संदेश जातो आणि तो संपेपर्यंत मूळ थ्रेड वाट पाहतो. समाप्तीचा संदेश वाचण्याची तजवीज प्रोग्रामरने केली नसेल, तर ही प्रतीक्षा संपत नाही.

पूर्वनिर्धारित मूल्यांचा प्रश्न

सॉकेट बंद करताना न गेलेल्या संदेशांचे काय करावे, हे झीरोएमक्यूमधील ‘लिंगर’ नावाचे मूल्य ठरवते. ते मिलिसेकंदांत मोजतात. लिबझेडएमक्यूमध्ये सामान्यतः ते −१, म्हणजे अमर्याद असते. समोरचा संगणक बंद असेल आणि रांगेत एकही संदेश उरला असेल, तर प्रोग्राम बाहेर पडताना तेथेच अडकून राहतो. सीझेडएमक्यूमध्ये हे मूल्य ० ठेवलेले आहे. प्रोग्राम तत्काळ बंद होतो, पण रांगेत उरलेले संदेश कोणतीही सूचना न देता टाकून दिले जातात. संदेश पाठवून लगेच सॉकेट नष्ट करणाऱ्या छोट्या प्रोग्रामचा संदेश पलीकडे पोहोचतच नाही, असा अनुभव त्यामुळे येऊ शकतो.

यांपैकी कोणतेही मूल्य सर्वांसाठी योग्य ठरत नाही. तापमानाची नोंद क्षणाक्षणाला पाठवणाऱ्या उपकरणाला एखादी नोंद हरवल्याने फरक पडत नाही, तर पैशांच्या व्यवहाराचा संदेश हरवून चालत नाही. पूर्वनिर्धारित मूल्य ठेवल्याने निर्णय टळत नाही. तो प्रोग्रामरच्या वतीने आवरणाने घेतलेला असतो. म्हणूनच सीझेडएमक्यूमध्ये हे मूल्य बदलण्याची सोय सर्व नव्या सॉकेटांसाठी एकत्रितपणे आणि प्रत्येक सॉकेटसाठी स्वतंत्रपणेही दिलेली आहे.

कीबोर्डवरून प्रोग्राम थांबवण्याचा आदेशही सीझेडएमक्यू स्वतः हाताळते, जेणेकरून संदेशाची वाट पाहणारे फंक्शन रिकाम्या हाताने परत येते आणि आवराआवर करता येते. मोठ्या प्रोग्रामची स्वतःची अशी व्यवस्था आधीच असेल, तर दोन्हींत संघर्ष होऊ शकतो. ही हाताळणी बंद करण्याचा पर्यायही उपलब्ध आहे.

मर्यादा

आवरणामुळे मूळ प्रणालीचे नियम बदलत नाहीत. पाठवायच्या संदेशांची रांग दोन्ही लायब्ररींत सर्वसाधारणपणे १००० संदेशांवर मर्यादित असते. ती भरल्यावर प्रकाशक सॉकेट पुढचे संदेश टाकून देते, तर कामे वाटणारे सॉकेट जागा होईपर्यंत थांबून राहते. विनंती करणाऱ्या सॉकेटने उत्तर येण्याआधी दुसरी विनंती पाठवली, तर त्रुटी येते. हे वर्तन माहीत नसणाऱ्या प्रोग्रामरला सोपी फंक्शने वाचवू शकत नाहीत.

आवरणात नसलेली एखादी सोय हवी असेल, तेव्हा झेडसॉकमधून मूळ सॉकेट मिळवून लिबझेडएमक्यूची फंक्शने थेट वापरता येतात. त्यासाठी संपूर्ण प्रोग्राम नव्याने लिहावा लागत नाही.

इतर भाषांतील आवरणे

पायथन भाषेत पायझेडएमक्यू हे आवरण प्रचलित आहे. पायथनमध्ये मेमरी आपोआप मोकळी होत असल्याने मालकीचा प्रश्न तेथे सौम्य होतो. जेसन स्वरूपातील माहिती किंवा पायथनमधील वस्तू थेट पाठवणारी फंक्शनेही त्यात आहेत. वस्तू पाठवण्यासाठी पिकल हे स्वरूप वापरले जाते. अनोळखी स्रोताकडून आलेली पिकल माहिती उलगडताना तिच्यात दडवलेला घातक कोड चालू शकतो. त्यामुळे ही सोय केवळ विश्वासार्ह संगणकांमधील देवघेवीसाठीच सुरक्षित मानली जाते.