जालना जिल्ह्यातील एकतारी-निर्मिती : प्रारंभिक भांडवलाचा विचार

प्रस्तावना :
जालना जिल्ह्याची औद्योगिक ओळख पोलादी सळया आणि संकरित बियाणे या दोन उत्पादनांवर उभी आहे. तथापि याच जिल्ह्यातील जांब (ता. घनसावंगी) हे समर्थ रामदासांचे जन्मगाव होय. मुक्ताईनगरहून पंढरपूरला जाणारी संत मुक्ताबाईंची पालखीही याच जिल्ह्यातून जाते. गावोगावी भजन, कीर्तन व सप्ताह चालतात. त्यामुळे एकतारीसारख्या लहान वाद्याला येथे गिऱ्हाईक नाही असे म्हणता येणार नाही. हे वाद्य जिल्ह्यातच बनवावयाचे ठरविल्यास आरंभी भांडवल कशासाठी लागते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हत्यारे व साहित्य :
वाळलेला कडू भोपळा, बांबूची दांडी, भोपळ्याच्या तोंडावर चामडे किंवा पातळ लाकडी फळी, घोडी, खुंटी आणि तार एवढीच एकतारीची सामग्री आहे. करवत, पटाशी, कानस, गिरमिट व एखादे विजेवरचे ड्रिल यंत्र यांवर काम भागते. कारखान्याची शेड लागत नाही, घराची ओसरी पुरते. पोलादाच्या जालन्यात तार तरी स्वस्त मिळावी असे वाटेल. पण येथील सळई बांधकामाची असते, तर वाद्याची तार अधिक कार्बनयुक्त पोलाद ओढून केलेली असते. ती बाहेरूनच आणावी लागते.

मिरजेचा अनुभव :
महाराष्ट्रात भोपळ्याच्या तंतुवाद्यांचे प्रमुख केंद्र मिरज आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार कुटुंबांतील फरीदसाहेब यांनी तेथे हा व्यवसाय रुजविला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तेथील कारागिरांचे भोपळे मंगळवेढा परिसरातून येतात. हे पीक वर्षातून एकदाच हाती येते. म्हणून भोपळा एकदम घेऊन वाळवून साठवावा लागतो. काही फळे तडकतात, काहींचा आकार साधत नाही. मिरजेच्या कारागिराचे खरे भांडवल हत्यारांच्या पेटीत नसून माळ्यावर टांगलेल्या भोपळ्यांत असते.

भांडवलाचा हिशेब :
हीच गोष्ट जालन्यातील नवख्या कारागिराच्या बाबतीत अधिक तीव्रतेने लागू पडते. केवळ उदाहरणादाखल असे धरू, की तो महिन्याला २० म्हणजे वर्षाला २४० एकताऱ्या करतो. खराब होणारे धरून ३०० भोपळे, प्रत्येकी ६० रुपये, म्हणजे १८,००० रुपये एकरकमी गेले. उरलेले साहित्य व मजुरी मिळून नगामागे ५०० रुपये धरल्यास, जानेवारी ते जून या सहा महिन्यांच्या १२० नगांत ६०,००० रुपये अडकतात; कारण मोठी विक्री आषाढी वारीच्या तोंडावर होते. एकूण ७८,००० रुपये. हत्यारे १५,००० रुपयांची धरली तरी मालात अडकलेली रक्कम त्यांच्या पाचपटींहून अधिक भरते. शिकण्याच्या काळात सुरात न बसलेले, विकता न येणारे नग यात धरलेलेच नाहीत.

अर्थसाहाय्याची अडचण :
हाताने बनविलेली देशी वाद्ये वस्तू व सेवा करातून मुक्त आहेत, ही सोय मोठी आहे. कर्जाची व्यवस्था मात्र यंत्रे विकत घेणाऱ्याला समोर ठेवून आखलेली दिसते. २००८ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाच्या नियमांत भांडवली खर्च नसलेला प्रकल्प अपात्र ठरविण्यात आला. २०२३ च्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत वाद्यकारागीर हे नावच नाही. एकतारी करणाऱ्याला फार तर सुतार म्हणून शिरकाव मिळू शकेल. या योजनेत हत्यारांसाठी १५,००० रुपये आणि पहिल्या टप्प्यात ५ टक्के व्याजाने १ लाखापर्यंत कर्ज मिळते. रक्कम पुरेशी आहे. अडचण परतफेडीची आहे. कर्ज १८ महिन्यांत फेडावयाचे, म्हणजे १ लाखावर दरमहा सुमारे ५,७८० रुपये. जानेवारीत कर्ज घेणाऱ्याला वारीपूर्वीच चार-पाच हप्ते कर्जाच्याच रकमेतून भरावे लागतील, व तेवढ्या एकताऱ्या कमी बनतील. हप्ते हंगामानंतर सुरू झाले, किंवा मालाच्या तारणावर रोख पतमर्यादा मिळाली, तर हीच योजना त्याच्या कामाची ठरेल.

भोपळ्याचा खर्च कमी करण्यास जिल्ह्यात वाव आहे. अंबड, घनसावंगी व परतूर या तालुक्यांना गोदावरीचा काठ लाभला असून जायकवाडीचा डावा कालवाही जिल्ह्यातून जातो. या पट्ट्यात बांधाच्या कडेने कडू भोपळ्याचे वेल लावता येतील. मात्र फळ पक्व होऊन पूर्ण वाळण्यास हंगाम जावा लागतो. त्यामुळे जानेवारीत काम सुरू करू इच्छिणाऱ्याने बँकेत अर्ज देण्यापूर्वी, आदल्या पावसाळ्यातच एखाद्या शेतकऱ्याशी बोलणी करून बी टाकलेले असले पाहिजे.