उजेडातला ग्लास

वर्धा जिल्ह्यातल्या दारूबंदीला पन्नास वर्षं उलटून गेली. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर, गांधी-विनोबांची भूमी म्हणून ती लागू झाली तेव्हा मी शाळेत होते. या अर्धशतकाकडे कुणीतरी वळून पाहायला हवं होतं. बंदीवाल्यांनी किंवा बंदी उठवा म्हणणाऱ्यांनी तसं पाहिल्याचं मला दिसलं नाही. मी लिहायला बसले त्याचं कारण मात्र पुण्यात घडलं. नोकरीची वर्षं त्या शहरात काढली. गेल्या हिवाळ्यात तिथे गेले तेव्हा माझ्या आवडीच्या मायक्रोब्रुअरीत मुद्दाम डोकावले. पूर्वी काचेपलीकडे स्टीलच्या टाक्या उभ्या असत, तिथे काळा पडदा आणि त्यावर क्रिकेटचे मोठे स्क्रीन. आज ताजी कोणती आहे, असं विचारलं तर वाढणाऱ्या मुलाला सांगता येईना. यादीची पहिली पानं परदेशी बाटल्यांनी भरलेली. गाणी इतकी मोठ्यानं लावलेली की शेजारच्याशी बोलणं अशक्य. मला ते फार लागलं.

इतकं का लागावं, हे समजायला वर्ध्यात वाढावं लागतं.

आमच्या जिल्ह्यातून दारू गेली नाही, ती नजरेआड झाली. पुलगावला नदीचा पूल ओलांडला की अमरावती जिल्हा, हिंगणघाटच्या खाली नदी ओलांडली की यवतमाळ, नागपूरकडे निघालं की बुटीबोरी. तिथून बाटल्या येत राहिल्या, गाड्यांतून आणि पिशव्यांतून. ज्याला बाटली परवडत नव्हती त्याच्यासाठी हातभट्टी. ऐंशीचं आणि नव्वदचं दशक मी भराभर ओलांडते, कारण त्या वीस वर्षांत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा घडत होती. गावातल्या बाया एकत्र येत, भट्टीवर जात, मडकी फोडत. पोलीस येत, पंचनामा होत असे. पेपरात 'सडवा मोह रसायन' नष्ट केल्याची बातमी छापून येई. महिनाभरानं त्याच नाल्याकाठी पुन्हा धूर. पोलिसांच्या वॉश आऊट मोहिमेच्या अशा बातम्या मी आजही वाचते.

त्या बायांच्या बाजूनं मी तेव्हा होते आणि आजही आहे. मार त्यांनी खाल्ला, मजुरीचे पैसे त्यांचे बुडाले. राग आहे तो दोघांवर. बाटल्यांच्या गाड्या ज्यांच्या डोळ्यांसमोरून गेल्या ते एक. दोन ऑक्टोबरला सेवाग्रामला येऊन भाषण ठोकून गेले आणि उरलेलं वर्ष या जिल्ह्याकडे फिरकले नाहीत, ते दुसरे. छापे पडले ते बहुतेक पारध्यांच्या बेड्यांवर, म्हणजे वस्त्यांवर, आणि मोह सडवणाऱ्या गरीब बायांवर. बाटलीचा धंदा करणारा मोठा माणूस गजाआड गेलेला माझ्या लहानपणी कुणी पाहिला नव्हता.

अशा ठिकाणाहून मी पुण्याला गेले होते. दारू म्हणजे अंधार, किळस आणि बाईचं रडणं, एवढंच मला माहीत होतं. 2009 मध्ये पुण्याच्या एका टोकाला, कोरिंथियन्स क्लबच्या आवारात डूलाली सुरू झाली. महाराष्ट्रातली ही पहिली मायक्रोब्रुअरी. ऑफिसमधल्या तरुण मुलींनी मला तिथे ओढून नेलं. मी लिंबू सरबत मागवायच्या तयारीनं गेले होते. तिथे काचेतून सगळं दिसत होतं. धान्याच्या गोण्या, वाफाळतं भांडं, टाक्या, त्यांच्यावरचे तापमानाचे काटे. टेबलांवर कुटुंबं बसलेली, एक आजोबा नातवाला कोडं घालत होते. बायका बसल्या होत्या आणि त्यांच्याकडे कुणी टक लावून बघत नव्हतं. या एका गोष्टीचं मोल विदर्भातल्या बाईला विचारावं.

गव्हाच्या बिअरचा ग्लास समोर आला. गढूळ, पिवळसर, केळ्याचा आणि लवंगेचा वास असलेली. यात केळं नाही आणि लवंगही नाही, हा वास यीस्टनं तयार केलाय, असं तिथल्या माणसानं सांगितलं तेव्हा मी थक्क झाले.

पुढची दहा-अकरा वर्षं पुण्यात हे जग वाढताना मी पाहिलं. मुंढव्याला इंडिपेंडन्स ब्रुइंग कंपनी आली, कोरेगाव पार्कात एफिंगट, मग ग्रेट स्टेट एल वर्क्स. मुंबईत गेटवेनं काम सुरू केलं, डूलालीही मुंबईत गेली. 2018 च्या सुमाराला पुण्यातच मूनशाइननं मधापासून मीड काढायला सुरुवात केली. मला आवडत त्या लहान जागा, जिथे बनवणारा माणूस स्वतः टेबलापाशी येई. अशाच एकानं मला सगळं शिकवलं. मोड आणून वाळवलेलं सातू भरडायचं, पासष्ट-सदुसष्ट अंशांच्या पाण्यात तासभर मुरवायचं, म्हणजे पिठाची साखर होते. ते गोड पाणी गाळून हॉप्स घालून उकळायचं, निववायचं आणि यीस्टच्या हवाली करायचं. एल प्रकारच्या बिअरचं यीस्ट वीस अंशांच्या आसपास काम करतं आणि आठवड्याभरात बहुतेक काम उरकतं. लागरला थंडी लागते, कित्येक आठवडे टाकी अडकून पडते. म्हणून लहान ब्रुअरीत एल आणि गव्हाच्या बिअरच जास्त. "काकू, यीस्टला घाई केली की बिअर बिघडते," असं तो म्हणे. उरलेला चोथा जवळच्या गोठ्यात जाई. भांड्याचं झाकण उघडलं की जो वास येई तो थेट आमच्या घरी महालक्ष्म्यांना ज्वारीची आंबील शिजते त्या स्वयंपाकघराचा.

ही बिअर टिकत नाही. ती गाळून, तापवून बाटलीत कोंडलेली नसते. जिथे बनते तिथेच, थोड्या दिवसांत प्यायची. 2020 च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं तेव्हा टाक्यांमधली हजारो लिटर बिअर गटारात सोडायची वेळ पुण्यातल्या ब्रुअरीवाल्यांवर आली. जूनच्या आसपास सरकारनं घरी न्यायला परवानगी दिली, पण कित्येकांसाठी तोवर उशीर झाला होता. माझ्या त्या दशकाचा शेवट मी तिथेच धरते. नंतर ज्या जागा उघडल्या त्यांतल्या पुष्कळांना भाडं भरून काढण्यासाठी गर्दी हवी होती. बनवणारा माणूस दिसेनासा झाला आणि त्याच्या जागी डीजे आला.

त्या टाक्यांसमोर बसून मला अनेकदा मगनवाडी आठवे. 1934 मध्ये गांधीजींनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन केला. त्याचं ठाणं वर्ध्याला जमनालाल बजाजांनी दिलेल्या बागेत होतं आणि चिटणीस होते जे. सी. कुमारप्पा. तेलघाणी, हातकागद, मधमाश्या यांच्या जोडीला तिथे एक काम झालं ते नीरेचं आणि ताडगुळाचं. गजानन नाईक त्यातले जाणकार. सेवाग्रामच्या परिसरात शिंदीची झाडं भरपूर. संध्याकाळी झाडावर चढायचं, खोड तासायचं, आतून चुना लावलेलं मडकं बांधायचं आणि ऊन चढायच्या आत उतरवायचं. चुन्यानं आंबणं लांबतं. उशीर झाला की त्याच रसाची ताडी होते. दारूबंदी करायची तर ताडी काढणाऱ्याच्या पोटाचं काय, या प्रश्नाला गांधीजींनी दिलेलं उत्तर हे होतं. त्याचं कसब मोडायचं नाही, त्याच झाडावरून त्यानं नीरा उतरवावी, उरलेल्या रसाचा गूळ करावा. माझे आजोबा हिवाळ्यात सकाळी मगनवाडीला जाऊन नीरा प्यायचे, असं घरात सांगत. तीही तिथेच बनलेली, ताजी, चारचौघांत प्यायची गोष्ट.

सरकारनं गांधीजींच्या नावानं बंदी घेतली आणि त्यांचं उत्तर मागे टाकलं, ही माझी खरी तक्रार आहे. पुण्यात चौकाचौकात नीरेच्या टपऱ्या आहेत. वर्ध्यात सकाळी नीरा शोधायला निघाले तर मला मिळाली नाही. 1949 चा दारूबंदी कायदा सगळ्या राज्याला एकच आहे. त्याच कायद्याखाली पुण्यात काचेमागे परवान्यानं बिअर बनते आणि आमच्याकडे पारध्याच्या बायकोवर गुन्हा नोंदला जातो.

बंदी उठली की काय होतं, याचं चंद्रपूरचं उदाहरण ताजं आहे. चिमूरहून बाया नागपूरला चालत गेल्या, श्रमिक एल्गार संघटनेनं वर्षानुवर्षं लढा दिला, 1 एप्रिल 2015 ला तिथे बंदी आली आणि 27 मे 2021 ला मंत्रिमंडळानं ती उठवली. बेकायदा दारू वाढली, महसूल बुडाला, अशी कारणं देण्यात आली. दुकानं पुन्हा उघडली. त्या बायांना काय वाटलं असेल, या विचारानं मला कित्येक रात्री झोप आली नाही. आता वर्ध्याचीही बंदी उठवा अशी कुजबुज अधूनमधून कानावर येते. त्याला माझा विरोध आहे. इथे बंदी उठली तर मी पुण्यात पाहिलेली एखादी लहान ब्रुअरी येणार नाही, देशी दारूचं दुकान येईल, तेही मजुरांच्या वस्तीच्या तोंडाशी.

मला हवं आहे ते याहून जुनं आहे. शिंदी उतरवणाऱ्याला सहज परवाना, सेवाग्रामच्या रस्त्यावर सकाळी नीरेचं केंद्र, हिवाळ्यात ताडगूळ. मोहफुलांच्या वाहतुकीवरचे निर्बंध राज्यानं 2021 मध्ये काढले. ती फुलं वाळवून सरबत, लाडू, मुरंबा करणाऱ्या बचत गटांना बेड्यांवरच जागा आणि भांडवल. जी बाई आज नाल्याकाठी लपून मोह सडवते तिच्या हातात हे काम आलं पाहिजे. तिचं कसब जिल्ह्याला ठाऊक आहे, ते फक्त पंचनाम्यात लिहिलं जातं.

मगनवाडीच्या त्याच आवारात आज महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे. प्रयोगशाळा आहे, माणसं आहेत. धाम नदीच्या काठानं शिंदी अजून उभी आहे. त्या झाडांवर चढणारी जी थोडी माणसं मला भेटली ती साठीपुढची होती आणि त्यांची मुलं बुटीबोरीच्या कारखान्यांत कामाला जातात. शिंदीचा हंगाम थंडीत सुरू होतो. या संस्थेनं आणि जिल्हा परिषदेनं येत्या हंगामात या माणसांना बोलावून दहा-वीस पोरं त्यांच्या हाताखाली द्यावीत, आणि परवान्याचा अर्ज दिवाळीच्या आत करावा.