कोपऱ्यातला फिशटँक

पनवेलच्या फ्लॅटमध्ये हल्ली कुणाला त्रिकोणी फिशटँक हवा असतो, कुणाला षट्कोनी. गटाने ऑर्डर घेताना आधी उंची विचारावी. पाण्याचा दाब उंचीवर ठरतो. टाकी उंच तितकी काच जाड, खर्च जास्त. शिवाय हवा पाण्यात वरच्या बाजूने मिसळते, म्हणून उंच, अरुंद टाकीत पाणी भरपूर असूनही मासे गुदमरतात.

कोपऱ्यासाठी काटकोनी त्रिकोण बरा. भिंतीलगतच्या बाजू २-२ फूट, उंची दीड फूट धरली तर ३ घनफूट, म्हणजे सुमारे ८५ लिटर. नुसतं पाणीच ८५ किलो! काच, खडी वेगळी. जुन्या कपाटावर ठेवू नका, लोखंडी स्टँड करून घ्या. काचेखाली थर्माकोल हवाच, एवढासा खडा राहिला तरी तळ तडकतो. सिलिकॉन अ‍ॅक्वेरियमचंच घ्या. बाथरूमच्या सिलिकॉनमध्ये बहुधा बुरशीनाशक असतं, ते माशांना विषारी.

गोल टाकीची ऑर्डर सरळ नाकारा. मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात २०१५ साली १२ फुटी बोगदा झाला, तोही अ‍ॅक्रिलिकचा. वाकवलेली काच आपलं काम नव्हे.

सांधे भरल्यावर आठवडाभर थांबा. मग टाकी भरून दोन दिवस खाली वर्तमानपत्र पसरा. कागद ओला दिसला, तर टाकी गिऱ्हाइकाकडे न्यायची नाही.