हळदीतून कुर्क्युमिन काढताना

संपादकांनी नागपूरच्या अमरावती रोडवरच्या लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेवर लिहायला सांगितलं होतं. तिचा इतिहास थोडक्यात असा: मॅंगनीजच्या खाणींचे मालक, कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण १९३० साली वारले. उपयोजित विज्ञान आणि रसायनाच्या शिक्षणासाठी त्यांनी आपली संपत्ती नागपूर विद्यापीठाला दिली होती. त्यातून १९४२ साली ही संस्था उभी राहिली आणि २०२३ मध्ये तिचं स्वतंत्र विद्यापीठ झालं. माझं मन मात्र काचेच्या एका उपकरणात अडकलं.

त्याचं नाव सॉक्सलेट. फ्रान्झ फॉन सॉक्सलेट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८७९ साली ते दुधातली चरबी मोजायला बनवलं. या संस्थेत तेलतंत्रज्ञान शिकणाऱ्याला बियांतलं तेल मोजायला ते लागतंच. त्यात हळद घातली की वनस्पतीतलं औषधी द्रव्य, इथे कुर्क्युमिन, वेगळं कसं होतं, ते डोळ्यांसमोर दिसतं.

खाली चंबूत ॲसिटोन. ते ५६ अंशांना उकळतं, वाफ बाजूच्या नळीने वर जाते, थंड होते आणि थेंबाथेंबाने मधल्या कक्षात पडते. तिथे कागदी नळकांड्यात हळदीची पूड असते. कक्ष हळूहळू भरतो. पातळी बाजूच्या बारीक वाकड्या नळीच्या माथ्यापर्यंत पोचली की सगळा द्रव, त्यात विरघळलेल्या कुर्क्युमिनसकट, एकदम खाली ओढला जातो. कोणी हात लावत नाही, झडप नाही, मोटर नाही. कुर्क्युमिन खाली चंबूत राहतं, कारण त्याची वाफ होत नाही. वर जातं ते पुन्हा स्वच्छ ॲसिटोनच. म्हणून दर फेरीला पुडीला कोरा द्रव मिळतो आणि थोड्याशा ॲसिटोनमध्ये तासन्‌तास काम चालतं. पहिल्या फेऱ्यांना नळीतून गडद नारिंगी द्रव उतरतो, मग पिवळा, मग फिका. रंग यायचा थांबला की काढण्यासारखं फारसं उरलेलं नसतं. मी ते कितीही वेळ बघू शकतो.

हळद आपल्या जवळचीच घ्यावी. वर्धा जिल्ह्यात, समुद्रपूर तालुक्यात वायगाव आहे. तिथल्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि तिच्यात कुर्क्युमिन सहा टक्क्यांच्या आसपास सांगतात. ॲसिटोन उडवून टाकलं की चिकट राळ उरते, तिचे स्फटिक केले की ९५ टक्क्यांची पूड होते. बिस्किटात, दुधाच्या पेयात, गोळीत जाते ती हीच.

इथपर्यंत सगळं सोपं. आता अडचणी.

ॲसिटोन पूर्ण उडालं पाहिजे. अन्नात वापरायच्या कुर्क्युमिनसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोला ३० मिलिग्रॅमची आहे, आणि ते मोजायला काचेचा चंबू पुरत नाही. बिस्किटात खायचा सोडा असतो. हळदीला चुना लावून कुंकू करणाऱ्यांना माहीत आहे की अल्कलीत हळद लाल होते. सोड्याच्या बिस्किटातही तिला तोच धोका, आणि अल्कलीत कुर्क्युमिन टिकत नाही. शरीरातही तेच. ७.२ सामूच्या द्रावणात, ३७ अंशांना, अर्ध्या तासात सुमारे नव्वद टक्के कुर्क्युमिन विघटित होतं. जे उरतं ते पाण्यात विरघळत नाही, यकृत ते लवकर बदलून टाकतं, रक्तात फार थोडं पोचतं. १९९८ साली बंगळुरूच्या संशोधकांनी दोन ग्रॅम कुर्क्युमिनसोबत मिऱ्यातलं २० मिलिग्रॅम पायपेरिन दिलं, तेव्हा शोषण वीसपट वाढलं. आकडा मोठा वाटतो, पण मूळ पातळी नगण्य होती. शिवाय पायपेरिन इतर औषधांचंही शोषण वाढवतं, म्हणजे रोज गोळ्या घेणाऱ्या आजोबांना ते घातलेलं पेय देताना डॉक्टरांना विचारायला हवं.

डब्यावर ‘कुर्क्युमिनयुक्त’ छापायला ते किती टिकतं आणि किती शोषलं जातं याची कसोटी लागत नाही, आणि मला काळजी त्याचीच वाटते. किती टाकलं ते छापलं जातं. भाजल्यावर आणि सहा महिने कपाटात राहिल्यावर किती उरलं, ते छापायला हवं. वायगावच्या शेतकऱ्यालाही आपल्या पोत्यातली टक्केवारी विक्रीपूर्वी कळायला हवी, आणि ती तपासणी समुद्रपुरातच व्हावी. नागपुरात अशी मोजणी शिकवणारी संस्था १९४२पासून आहे.