सरपंच टू सीएम, व्हाया लातूर-नांदेड!

विधानसभेचं तिकीट मुंबई-दिल्लीत मिळतं म्हणे. पण प्रवास सुरू होतो तो गावच्या पारावर, नगरपालिकेच्या दारात. चला, मराठवाड्याची ही भन्नाट शिडी चढूया!

स्कोअर २-२! नांदेडने दिले शंकरराव आणि अशोक चव्हाण, लातूरने शिवाजीराव पाटील निलंगेकर आणि विलासराव देशमुख. शेजारशेजारचे दोन जिल्हे, चार मुख्यमंत्री! त्यात चव्हाण म्हणजे राज्यातली पहिली बाप-लेक मुख्यमंत्री जोडी.

गाव बाभळगाव. माहीत आहे का? विलासराव १९७४ मध्ये बाभळगावचे सरपंच झाले. जिल्हा परिषदेचे सदस्यही झाले, पण उस्मानाबादच्या! कारण लातूर जिल्हा जन्मला ऑगस्ट १९८२ मध्ये. त्याआधीच, १९८० मध्ये, साहेब आमदार! म्हणजे आमदार सीनियर, जिल्हा ज्युनियर.

अर्ध्या मताचा झटका. १९९५ मध्ये शिवाजीराव पाटील कव्हेकरांनी विलासरावांना सुमारे ३५ हजार मतांनी पाडलं. पुढच्याच वर्षी विलासराव विधान परिषदेला उभे राहिले आणि पडले अवघ्या अर्ध्या मताने! अर्धं मत येतं कुठून? तिथे आमदार पसंतिक्रम देतात, जादा मतं पुढच्या पसंतीला वळतात आणि हिशेब अपूर्णांकात शिरतो. मग १९९९? नव्वद हजारांवर लीड आणि थेट मुख्यमंत्रिपद. लय भारी!

पालिका ते पार्लमेंट. १९६७ मध्ये लातूरचे नगराध्यक्ष झालेले शिवराज पाटील चाकूरकर पुढे लोकसभेचे अध्यक्ष! १९८० पासून सलग सात वेळा खासदार. २००४ मध्ये रूपाताई पाटील निलंगेकरांकडून हरले, तरी राज्यसभेच्या दाराने केंद्रीय गृहमंत्री. शंकरराव चव्हाणांचीही पहिली पायरी नांदेड नगरपालिकाच!

उलटी गंगा. अशोक चव्हाण मात्र आधी दिल्लीला गेले, मग मुंबईला! १९८७ च्या नांदेड पोटनिवडणुकीत त्यांनी प्रकाश आंबेडकरांना हरवलं. आमदारकी-मंत्रिपद नंतर.

आजोबा विरुद्ध नातू. निलंग्यात २००४ ला नातू संभाजीने माजी मुख्यमंत्री आजोबा शिवाजीराव निलंगेकरांना हरवलं. २००९ ला आजोबांनी व्याजासकट वसूल केलं. जेवणाच्या पंगतीत कोण कुठे बसलं, ते विचारू नका!

रनर-अप: कोणीच नाही! लातूर ग्रामीणमध्ये २०१९ ला विलासरावांचे चिरंजीव धीरज देशमुख जिंकले. दुसरा नंबर? नोटा, म्हणजे ‘यापैकी कोणीही नाही’चं बटण! सुमारे २७,५०० मतं. २०२४ मध्ये मात्र समोर होते भाजपचे रमेश कराड. आणि धीरज पडले!

तर मंडळी, वयाच्या २१ व्या वर्षी ग्रामपंचायतीला उभं राहता येतं, २५ व्या वर्षी विधानसभेला. सरपंचपदाचा फॉर्म भरणाऱ्या पोराला हसू नका. सेल्फी आत्ताच काढा, नंतर पीएची अपॉइंटमेंट लागेल!