मुंग्या पोटरीत, वारूळ भलतीकडेच!

तिगावच्या शिवारात निंदणाला बसलेली बाई तासाभराने उठते, पाय झटकते आणि म्हणते, "माय वं, पायाले मुंग्या आल्या!" चार पावलं टाकली की मुंग्या पसार. पण काही मुंग्या जातच नाहीत. मग त्यांचं वारूळ शोधावं लागतं, आणि ते बहुतेकदा पायात नसतंच.

मुंगी सगळीकडची! जर्मन माणसाच्या पायावरही 'मुंग्या चालतात'. फ्रेंचांचा शब्दही मुंगीवरूनच आलाय.

गुडघ्याजवळची उघडी तार. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, जरासं खाली बोट ठेवा. टणक गोळा लागेल. त्याच्या लगेच खाली एक नस हाडाला वळसा घालून जाते. वर संरक्षणाला जवळपास कातडीच. तासन्‌तास उकिडवं बसलं की ती दबते. परदेशात स्ट्रॉबेरी तोडणाऱ्या मजुरांच्या नावाने हा त्रास डॉक्टरी पुस्तकांत गेला. निंदण करणाऱ्यांच्या नावानेही जायला हरकत नव्हती.

फॅशनही नडते. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका बाईची केस गाजली. घट्ट जीन्स घालून ती कपाटं रिकामी करत तासन्‌तास उकिडवी बसली. पाय एवढे सुजले की दवाखान्यात जीन्स कापून काढावी लागली!

पाकीट जाड, पाय बधिर. १९७८ मध्ये एका अमेरिकन डॉक्टरने मागच्या खिशातल्या फुगलेल्या पाकिटामुळे होणाऱ्या सायटिकाबद्दल लिहिलं. आयुर्वेदात सायटिकाला 'गृध्रसी' म्हणतात. गृध्र म्हणजे गिधाड. रोग्याची चाल तशी होते म्हणे. कमरेच्या मणक्यातली गादी सरकली तरी कळ आणि मुंग्या थेट पावलापर्यंत पोचतात.

साखर टोकापासून खाते. कमरेपासून अंगठ्यापर्यंत जाणारे नसांचे धागे जवळजवळ मीटरभर लांब. मधुमेहात आधी हेच लांब धागे झिजतात. म्हणून मुंग्या दोन्ही तळव्यांत सुरू होऊन मोजा घालावा तशा वर चढतात. पायातली चप्पल निसटली आणि कळलंच नाही, असं झालं तर साखर तपासा. डॉक्टर नायलॉनचा एक तंतू तळव्याला टोचून पाहतात. तो १० ग्रॅम दाबाला वाकतो. तेवढाही स्पर्श कळला नाही तर पाय धोक्यात.

माळकऱ्यांनो, ऐका. बी-१२ जीवनसत्त्व भाजीपाल्यात नसतं. ते दूध, अंडी, मांस-मासळीतून मिळतं. यकृतात साठा वर्षानुवर्षं पुरतो, म्हणून कमतरता उशिरा कळते. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षं घेतली तरी बी-१२ घटू शकतं. टीबीच्या औषधातल्या आयसोनियाझिडनेही मुंग्या येतात. त्यावर डॉक्टर बी-६ देतात. रोजची दारूही नसा जाळते.

चट्टा लपवू नका. मुंग्यांसोबत अंगावर फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा असेल तर कुष्ठरोगाची तपासणी करा. गुडघ्याजवळची तीच नस यात सुजून दोरीसारखी हाताला लागू शकते. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये कुष्ठधाम सुरू केलं, तेव्हा खात्रीचं औषध नव्हतं. आज ६ ते १२ महिन्यांच्या गोळ्यांनी रोग बरा होतो आणि त्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात.

सवड काढा. दुखावलेली नस बरी होताना दिवसाला साधारण १ मिलिमीटरच पुन्हा वाढते. तारखेवर तारीख ढकलणाऱ्याला हा हिशेब महागात पडतो.

म्हणून निंदणात अधूनमधून उभं राहा, पाकीट पुढच्या खिशात ठेवा. मुंग्या आठ-पंधरा दिवस हटल्या नाहीत तर डॉक्टर गाठा. पाऊल उचलेना, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, लघवीवरचा ताबा गेला किंवा एकाच बाजूचे हातपाय अचानक लुळे पडले, तर मात्र दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. त्याच घटकेला दवाखाना!